किरकोळ दुरुस्ती

ओला स्पंज. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या डबीत, बोट भिजवून पानं उलटायला ठेवलेला. स्पंज किती वेळा बदलला कोणास ठाऊक, वास तोच.

जिन्याच्या वळणावर कोणीतरी नखं कापून तिथेच टाकली आहेत. एक अंगठ्याचं आहे.

नकाशावर उत्तर दिशा दाखवणारा बाण नाही. त्रुटी क्रमांक सात.

अकरा नंबरच्या बसचं मागचं दार धड लागत नाही. कंडक्टर ते दोरीने बांधतो.

भिंतीवरची नवी पाटी, लाल दिव्यांचे आकडे. सरासरी मंजुरी : ४ दिवस.

मनगटापर्यंत.

‘तुझ्यामुळे रे, सगळं तुझ्यामुळे,’ दादा म्हणाला आणि त्याने पाठीवर थाप मारली.

तर त्या थापेपासूनच धरायला हवं, कारण त्याआधी सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे असतं तसं. रविवारची दुपार, पडदा अर्धा ओढलेला, बायको आतल्या खोलीत आडवी झालेली, आणि समोर दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, चहाच्या कपात बिस्किट बुडवून बोलत बसलेला. दादा बस चालवतो. अठ्ठावीस वर्षं एकच मार्ग, अकरा नंबर, शहरातून निघून नदीपलीकडच्या वस्त्यांपर्यंत. मधला पूल धोकादायक ठरला, जड वाहनांना बंद झाला, तेव्हापासून अडीच वर्षं ही बस खालच्या रस्त्याने वळसा घालून जात होती, एका खेपेला चाळीस मिनिटं जास्त. ‘गुरुवारपासून परत पुलावरून,’ दादा सांगत होता. ‘बंदीचे आडवे खांब काढले दोन्हीकडचे. मी म्हटलं कंडक्टरला, हे काम कुठल्या ऑफिसचं माहितीये का, आमचा धाकटा बसतो तिथे. साडेसहाला घरात असतो आता मी. तुझी वहिनी म्हणते, एवढ्या लवकर येऊन करता काय, माझ्या मागे मागे फिरता नुसते.’ आणि तो हसला, आणि थाप. धाकट्याच्या तोंडात बिस्किट होतं. ते एकाएकी चिखल झालं. गिळता येईना, थुंकता येईना. भरल्या तोंडाने तो दादाकडे पाहून हसला, आणि आपण हसतोय हे त्याला स्वतःच्या गालांवरून कळलं, दुसऱ्या कोणाचे तरी गाल ओढून धरल्यासारखं.

ऑफिसात त्याला भिंग म्हणत. समोरासमोरही म्हणत, भिंगसाहेब, आणि त्याला ते आवडायचं, हे आता आठवलं की किळस येते. पुलांच्या दुरुस्तीला परवानगी देणाऱ्या त्या ऑफिसात कागद तपासण्याचं काम त्याचं, आणि त्रुटी काढण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. सहीखाली तारीख नाही. तारीख आहे पण शाई वेगळी. पान चौदा नंतर पान सोळा. आवक-जावकवाल्या बाई म्हणत, ‘भिंगसाहेब, तुम्ही देवाच्या पत्रिकेतही खाडाखोड शोधाल,’ आणि तो मान खाली घालून, स्पंजवर बोट दाबून, पुढचं पान उलटायचा. काम चोख होतं. चोख हा शब्दच चिकट आहे, त्याला वाटलं, चोखलेल्या गोळीसारखा. मग जलद मंजुरीची योजना आली. दिवस मोजायचं यंत्र आलं, भिंतीवर पाटी लागली. पण त्या यंत्राला कोणीतरी एक गोष्ट शिकवून ठेवली होती : त्रुटी काढून कागद परत पाठवला की मोजणी शून्यावर. म्हणजे एखादी फाइल वर्षानुवर्षं येरझारा घालत असली तरी यंत्राच्या लेखी ती दर खेपेला आजच जन्मलेली. पाटीवर आधी नऊ दिवस झाले, मग सहा, मग चार. कोणी खोटं बोलत नव्हतं. आकडा खराच होता. घाण होती ती त्या खरेपणात, आणि तिला वास नव्हता म्हणून कोणी नाक धरत नव्हतं.

त्यातून दुसरी गंमत. पुलांचे तीन वर्ग केलेले. वर्ग अ : धोकादायक. वर्ग ब : मध्यम. वर्ग क : किरकोळ दुरुस्ती. वर्ग क ला एक सही, सात दिवसांच्या आत. वर्ग अ ला सहा खात्यांची ना-हरकत : पाणी, वीज, जंगल, टेलिफोनच्या तारा, वाहतूक, आणि पूल दगडी असेल तर जुन्या वास्तूंचं खातं. पूल जितका मरायला टेकलेला तितक्या जास्त सह्या. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. सहा खात्यांनी सहा वेगवेगळ्या वर्षी, प्रत्येकाने अगदी शहाण्या कारणासाठी, आपापली एक ओळ घातली होती. अकरा नंबरच्या पुलाची फाइल अशी अडीच वर्षं भिजत पडलेली. एकोणीस वेळा परत गेलेली. एकोणिसांतल्या अकरा त्रुटी त्याच्या हस्ताक्षरात होत्या, आणि हस्ताक्षर सुंदर होतं.

त्या पुलाचा इंजिनिअर दर महिना-दीड महिन्याला यायचा. चाळिशीचा, लांब मानेचा, बुटांना कायम वाळलेला गाळ. बाकावर बसायचा, नंबर आला की उठायचा, त्रुटीचा कागद घ्यायचा, ‘बरं साहेब’ म्हणून जायचा. एवढं बरं म्हणणारा माणूस त्याने दुसरा पाहिला नव्हता. मागच्या खेपेला मात्र त्याने कागद घेतला नाही. उभाच राहिला. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही पूल बघितलाय का कधी?’ तो म्हणाला, ‘फोटो जोडलेत ना तुम्ही, परिशिष्ट चार.’ इंजिनिअरने उजवी बाही वर सारली. ‘तिसऱ्या खांबाच्या भेगेत माझा हात जातो. पहिल्या वर्षी बोटं जायची. आता मनगटापर्यंत.’ आणि त्याने डाव्या हाताच्या बोटांनी उजवं मनगट वेढून दाखवलं, इथपर्यंत, जसं बांगडीवाला माप घेतो. आवाज चढवला नाही की काही नाही. मनगटावर केस होते आणि जरा गाळ. मग बाही खाली करून तो बाकावर जाऊन बसला, जणू त्याचा नंबर अजून यायचाय.

त्या दुपारी भिंगाने आयुष्यातलं पहिलं बेकायदा काम केलं. संगणकावर फाइल उघडली, वर्गाच्या चौकटीवर गेला, यादी खाली घरंगळली : अ, ब, क. त्याने क दाबलं. बस. सहा खाती गळून पडली. चौथ्या दिवशी परवानगी निघाली. त्या दिवशी तो घरी चालत गेला, एरवीसारखे दोन थांबे नव्हे, सगळा रस्ता, आणि वाटेत विनाकारण एका दुकानात शिरून बायकोसाठी कंगवा घेतला. बायको म्हणाली, ‘माझा आहे की.’ तो म्हणाला, ‘असू दे दुसरा.’ छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, वर्षानुवर्षं बंद पेटीचं झाकण उघडावं तसं. कंगवा देताना आपण किती सुंदर दिसत असू, असंही वाटून गेलं. आता तेच आठवतं : त्या मोकळेपणाचा गोडवा. दाताला चिकटून राहिलेला.

कारण एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि त्या चार दिवसांत आठवली नाही. ठाऊक होती म्हणजे काय, त्याचीच होती. योजनेच्या पहिल्या बैठकीत त्याने हात वर करून सूचना मांडली होती की वर्ग बदलला की वाहतूक शाखेला प्रत हाताने कशाला पाठवायची, आपोआप जावी. टाळ्या पडल्या होत्या. सूचना मंजूर झाली. तेव्हा वर्ग अ चा क झाल्याबरोबर यंत्राने वाहतूक शाखेला कळवलं : पूल आता धोकादायक नाही, किरकोळ आहे. किरकोळ पुलावर जड वाहनांना बंदी नसते. वाहतूक शाखा तशी कधी वेळेवर काही करत नाही. या खेपेला तिने दुसऱ्याच दिवशी दोन माणसं पाठवून आडवे खांब उपटले. जलद.

सोमवारी इंजिनिअरचं पत्र आलं. आवक-जावकवाल्या बाईंनी ते त्याच्यापुढे सरकवलं. ‘तुमच्या लाडक्याचं,’ त्या म्हणाल्या. पत्र तीन ओळींचं. परवानगीबद्दल आभार. सामान यायला तीन आठवडे लागतील. दरम्यान पुलावरून बस आणि ट्रक सुरू झाले आहेत, कृपया तातडीने बंद करावेत. योजनेप्रमाणे पत्राला त्याच दिवशी उत्तर जायला हवं. त्याने उत्तर लिहिलं. खरंच लिहिलं : ‘वर्ग क मधील पुलांवर जड वाहनबंदीची तरतूद नाही, तरी कळावे.’ पाकिटाच्या कडेचा डिंक जिभेवर घेतला. बाईंनी पाकीट उचललं आणि म्हणाल्या, ‘चेहरा असा का? पोट बिघडलंय?’ ‘थोडं,’ तो म्हणाला. ‘बाहेरचं खाऊ नका,’ बाई म्हणाल्या. डिंकाची चव संध्याकाळपर्यंत राहिली. मग त्याच्या लक्षात आलं की ती डिंकाची नव्हती, कारण जेवल्यावरही होती, आणि दात घासल्यावर उलट स्वच्छ होऊन नीट लागायला लागली.

मंगळवारी तो ऑफिसच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम वाईट नव्हत्या. हेच अवघड होतं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, हाताला ते पातळ औषध चोळलं ज्याने जंतू मरतात, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही चुकीचा वर्ग लावलात.’

‘हो मॅडम. काम लवकर व्हावं म्हणून.’

‘मग आता परत अ करायचा म्हणताय. केला की परवानगी रद्द. परवानगी रद्द म्हणजे दुरुस्ती नाही. सहा खाती पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं? तीन?’

‘पण गाड्या थांबतील.’

‘आणि पूल?’ मॅडम म्हणाल्या. ‘माणसं चालतात ना त्यावरून. तुम्हाला पूल दुरुस्त व्हायला हवाय की तुमचा वर्ग?’ त्यांनी तळहात एकमेकांवर घासले, ओलं सुकेपर्यंत. ‘तीन आठवडे. इतकी वर्षं उभा आहे, तीन आठवडे नाही राहणार? आणि शुक्रवारी बाहेरच्या ऑफिसांतली मंडळी येतायत, आपली पद्धत बघायला. त्यानंतर बोलू. तुम्ही चांगल्या मनाने केलंत, मला कळतंय.’

चांगल्या मनाने. तो जिना उतरला, नखं ओलांडून. वाईट हे होतं की त्याला मॅडमचं पटलं होतं. दोन्ही बाजूंनी विचार केला तर दोन्ही बाजू बरोबर निघत, आणि मध्ये तो, दोन बरोबर गोष्टींच्या फटीत. एखादा बदमाश असता, पाकीट घेणारा, टेबलाखाली हात घालणारा, तर किती स्वच्छ वाटलं असतं. इथे कोणाच्याच हाताला काही लागलेलं नव्हतं. त्याने मनातल्या मनात पुलाचं वजन केलं, बसचं केलं, साठ माणसांचं केलं, साठ माणसांच्या पिशव्यांचं केलं, आणि मग एकाच माणसाचं करत बसला : पुढच्या सीटवरचा, ब्याऐंशी किलोचा, ज्याने त्याला सायकल शिकवताना मागचं कॅरिअर धरून पळता पळता सोडलं होतं आणि सोडलंय हे सांगितलं नव्हतं. तेव्हा तो पडला नव्हता. मागे वळून पाहिल्यावर पडला.

बुधवारी तो बस डेपोत गेला. ड्यूटी लावणारा कारकून ओळखीचा, त्याच्या घरावरच्या वाढीव खोलीचा कागद कधीकाळी यानेच शेजारच्या खात्यात शब्द टाकून पुढे सरकवलेला. डेपोत डिझेल आणि लघवी यांचा मिळून एक वास होता. कारकून टूथपिकने दात कोरत होता. ‘भावाची पाठ धरलीय,’ भिंग म्हणाला. ‘स्वतः सांगायचा नाही तो, लाजतो. शहरातला एखादा सपाट मार्ग द्या त्याला. उद्यापासून जमलं तर बघा.’ कारकुनाने टूथपिकच्या टोकावर काय निघालं ते निरखलं. ‘तुमच्यासाठी करू की,’ म्हणाला. ‘अकरा नंबरला दुसरा टाकतो. नवाच आहे, त्याला कुठेही टाकलं तरी सारखंच.’ आणि त्याने वहीत दादाचं नाव खोडून तिथे दुसरं नाव लिहिलं. ते नाव भिंगाने वाचलं नाही. अठरा वर्षं कागद वाचून वाचून ज्याचे डोळे सरावले त्याने, समोर उलटी धरलेली वहीसुद्धा सहज वाचणाऱ्याने, त्या एका ओळीच्या वेळी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता. पंख्याच्या पात्यांना काळी लव.

बाहेर आल्यावर जीव भांड्यात पडला. हे लिहायलाच हवं, कारण ते खरं आहे. त्याला भूक लागली. उभ्या उभ्या त्याने दोन पाव खाल्ले, मग तिसरा. त्याच्या चौथ्या घासाला ते वर आलं, आणि एका भिंतीशी वाकून, एक हात भिंतीवर टेकून, त्याने सगळं ओकलं, आणि ओकतानाही मनात हलकंच चालू होतं : दादा नाही, दादा नाही, दादा नाही. बाजूने जाणाऱ्या एका बाईने ओढणी नाकाला लावली. तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी बाहेरची मंडळी आली. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या. पाटीसमोर उभं राहून त्यांनी आकडा टिपून घेतला. मॅडमनी त्याला पुढे बोलावलं, ‘प्रत आपोआप जाण्याची कल्पना यांची.’ टाळ्या. एका पाहुण्याने विचारलं, ‘यात चुकायची काही शक्यता?’ सगळे त्याच्याकडे वळले. या क्षणी बोलता आलं असतं. तोंड उघडलंही. आत ती चव होती, ती बाहेर सांडेल अशी भीती वाटली, आणि तो म्हणाला, ‘यंत्र चुकत नाही.’ पाहुणे हसले, कारण ते विनोद समजले. आवक-जावकवाल्या बाई हसल्या नाहीत. चहा देताना हळूच म्हणाल्या, ‘त्या इंजिनिअरचं अजून एक पत्र आलंय. तुमच्या खणात ठेवलंय. मी आवक मारलेली नाही, मारली की आजच उत्तर द्यावं लागेल तुम्हाला.’ बाईंनी हे दयेपोटी केलं होतं. या ऑफिसात दयासुद्धा अशीच असायची, तारीख न मारलेली.

मग रविवार. दादा आला तो बसलाच नाही.

‘माझ्या पाठीला काय झालंय?’ त्याने विचारलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, दोघांकडे पाहिलं आणि आत गेली.

‘डेपोतला सांगत होता, तुझा भाऊ आला होता म्हणून. मी म्हटलं, आमचा धाकटा डेपोत? त्याला तर डिझेलच्या वासाने चक्कर येते लहानपणापासून. काय भानगड आहे?’

त्याने सांगितलं. वर्ग, खांब, मनगट, तीन आठवडे. मध्येच मॅडमच्या बाजूनेही बोलला, सवयीने. दादा खिडकीच्या गजाला धरून ऐकत होता. स्टिअरिंगने घट्टे पडलेले तळवे. ऐकून झाल्यावर त्याने गज सोडला. मग म्हणाला, ‘म्हणजे मला उतरवलंस.’

‘हो.’

‘बस?’

त्याने दादाच्या चहावर बशी झाकली.

‘नाही, मी विचारतोय. बस चालूच आहे ना पुलावरून? नवा पोरगेला माणूस आहे तो, दोन महिन्यांपूर्वी लग्न झालंय. मला दाखवला त्याने फोटो.’ दादाचा आवाज बसमध्ये पुढे सरका म्हणतो तसाच होता, ना मोठा ना लहान. ‘मागे ती दूधवाली बसते, चार कॅन घेऊन. शाळेच्या बाई आहेत एक, रोज पुढच्या दारातून चढतात, किती वेळा सांगितलं मागून चढा म्हणून. त्यांची कोणाची पाठ धरली नाही का रे?’

‘दादा, मी तुझ्यासाठी—’

‘माझं नाव नको घेऊ त्यात,’ दादा म्हणाला. मग चपला घालता घालता, खाली वाकलेला असताना, ‘आई असती तर मी तिला हे सांगितलं नसतं. एवढंच.’ चहा झाकलेला तसाच राहिला. वर साय धरली, सुरकुतलेली, आणि तो ती बघत बसला, बायकोने कप उचलून नेईपर्यंत.

सोमवारी सकाळी पाटीचे दिवे लागायच्या आधी तो ऑफिसात होता. फाइल उघडली. यादी घरंगळली. अ. यंत्राने विचारलं, कारण लिहा, शंभर अक्षरांच्या आत. त्याने लिहिलं : ‘वर्ग मी चुकीचा लावला. जाणूनबुजून. पूल धोकादायक आहे.’ अक्षरं उरली. उरलेल्या अक्षरांत काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्याने ती तशीच सोडली. प्रत आपोआप गेली. दुपारपर्यंत आडवे खांब परत लागले, अकरा नंबर खालच्या रस्त्याने वळली. परवानगी रद्द. मोजणी शून्य. मॅडमनी बोलावलं नाही, नोटीस पाठवली, तिच्यात त्यांची सही स्वच्छ होती आणि तिच्याखाली तारीख होती. नोटिशीत एक पान कमी होतं. ते त्याला दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं याचीच शिसारी आली.

चार वाजता इंजिनिअर आला. बाकावर बसला. नंबर आल्यावर उठला. टेबलापाशी येऊन म्हणाला, ‘गाड्या थांबल्या.’

‘हो.’

‘आणि काम?’

‘सहा खाती,’ तो म्हणाला. ‘पहिल्यापासून.’

इंजिनिअर त्याच्याकडे पाहत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, ती घेऊन घरी जाता आलं असतं. ‘मग नकाशावर बाण काढून आणतो,’ इंजिनिअर म्हणाला, ‘उत्तरेचा,’ आणि त्याने हात पुढे केला, कागद घ्यायला. कागद नव्हता. तो हात टेबलावर तसाच थोडा वेळ राहिला, उताणा, बोटं किंचित वळलेली, आणि भिंगाला तो धरावासा वाटला आणि धरवेना. समोरच्या माणसाची घाण वाटली म्हणून नव्हे. आपला हात त्याला लागेल म्हणून. दादाला फोन करावा, सांगावं की थांबवली रे बस, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ते सांगताना आपल्या आवाजात कंगव्याच्या दिवसाचा तो गोडवा येईल, हे त्याला आधीच ऐकू आलं. त्याने फोन केला नाही. पुढच्या रविवारी दादा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

नव्या ड्रायव्हरला रस्ता दाखवायला जुन्याने तीन दिवस सोबत जायचं, अशी डेपोची पद्धत आहे. बदली झाल्यावर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार, रोज चार खेपा, दादा त्याच्या शेजारी उभा राहून पुलावरून गेला होता.